दोन फुटी रिपेरियम किट: कुंड्या ठेवा, फिल्टर परत करा

रिपेरियम म्हणजे घरात आणलेला ओढ्याचा काठ. टाकी अर्धीच भरायची, झाडांची मुळं पाण्यात आणि पानं हवेत. पॅल्युडेरियममध्ये मातीचा किंवा दगडाचा कोरडा तुकडा असतो, इथे तो नसतो. मागच्या काचेवर चिकटवलेल्या कुंड्या हाच काठ. त्यामुळे जागा वाचते, पाणी जास्त बसतं आणि देखभालही सोपी. मात्र प्लांटेड टँकचं (पाण्याखाली झाडं लावलेल्या टाकीचं) सामान विकण्याची सवय झालेल्या दुकानदाराला यातलं नेमकं काय लागतं हे बऱ्याचदा उमगलेलं नसतं. ‘रिपेरियम किट’ या नावाने एकत्र बांधून मिळणारं दोन फुटी सामान चार महिने चालवून पाहिल्यावर हे स्पष्ट दिसलं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. किंमत दुकानागणिक बदलते, म्हणून रुपयांऐवजी वस्तूंचाच हिशोब मांडतो.

किटमध्ये येतं ते असं: 24×12×18 इंची टाकी, 6 मिमी काच, सक्शन कपवाल्या चार कुंड्या, दोन लिटर क्ले बॉल (भाजलेल्या मातीचे हलके गोळे), पाच किलो काळी खडी, काठावर बसणारा 18 वॅटचा एलईडी, मागे टांगायचा फिल्टर, सीओटूच्या विरघळणाऱ्या गोळ्या आणि द्रवखताची एक बाटली. झाडं नाहीत, मासे नाहीत, टेस्ट किट नाही.

टाकी चांगली आहे. सिलिकॉनची रेघ सरळ, कडा घासलेल्या. रिकामी टाकी साधारण 15 किलो भरते. पाणी नऊ इंचापर्यंत घेतलं की खडी आणि कुंड्यांची जागा वजा जाता प्रत्यक्ष 36-37 लिटर पाणी मावतं. सगळं मिळून भार साठ किलोच्या आसपास जातो, तेव्हा टीव्हीच्या पोकळ प्लायच्या स्टँडवर ठेवू नका. ठेवाल तिथे लेव्हल बघा आणि टाकीखाली 5 मिमीची फोम शीट घाला. काच 6 मिमी असल्याने ही टाकी पुढे कधी काठोकाठ भरायचा मोह झाला तर आवरा. अर्ध्या पातळीला मात्र काहीच काळजी नाही.

आता कुंड्या. किटमधली सगळ्यात चांगली वस्तू हीच, आणि सगळ्यात आधी दगा देणारीही हीच. प्रत्येक कुंडी अर्ध्या लिटरची, मागून सपाट, तळाला आणि बाजूंना 3-4 मिमीच्या फटी, वरच्या बाजूला 45 मिमीचे दोन सक्शन कप. फटींचं माप अचूक आहे: मुळं बाहेर येतात, खडी गळत नाही. गोची कपांत आहे. 45 मिमीचा कप काचेवरून सरळ ओढून काढायचा तर कागदावर पंधरा-सोळा किलोचा जोर लागेल, पण कुंडी काही सरळ ओढत नाही, ती खाली घसरू पाहते. घसरणं अडवतं ते कप आणि काच यांच्यातलं घर्षण, आणि पाण्यातल्या काचेवर आठ-दहा दिवसांत शेवाळी बुळबुळीत थर चढला की तेच संपतं. ओढायला जड, घसरायला सोपं, असा हा प्रकार.

शिवाय पाण्याची पातळी. अर्धा लिटर खडी भरलेली कुंडी पाण्यात बुडालेली असताना कपांवर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भार टाकते. तीच पाण्याबाहेर आली की भार आठशेच्या पुढे जातो, कारण पाण्याचा उचलता हात निघून जातो. उन्हाळ्यात चार दिवस टॉप-अप (आटलेलं पाणी भरून काढणं) राहिला, पातळी दोन इंच उतरली आणि पहाटे कुंडी धपकन खाली, असं होतं ते यामुळे. कप खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी पातळी बघा.

उपाय दोन. कुंडीत निव्वळ खडी भरू नका. खाली तीन-चतुर्थांश क्ले बॉल आणि वर दीड-दोन सेंटीमीटर खडी. क्ले बॉल हलके असतात आणि कोरडे घातले तर तरंगून टाकीभर पसरतात, म्हणून आधी चोवीस तास भिजवून ठेवायचे, दोनदा पाणी बदलून त्यांचा लाल गाळ काढायचा. दुसरा उपाय कपांवरचा विश्वास कमी करण्याचा: कुंडीच्या वरच्या दोन भोकांतून अर्ध्या मिमीचा मासेमारीचा नायलॉन दोरा ओवून टाकीच्या काठावर स्टीलच्या हुकाला बांधा. कप कुंडी जागेवर धरतील, वजन दोरा पेलेल. हुक तांब्याचा किंवा पितळेचा नको. पुढे कोळंबी ठेवायची झाली तर तांबं तिला मारतं. कप बसवायचे ते टाकी कोरडी असतानाच: काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कप किंचित ओला करून, मधली हवा पूर्ण दाबून काढत. कुंडीचा काठ नियोजित पातळीच्या एक ते दोन सेंटीमीटर वर यायला हवा. त्याहून खाली गेला तर झाडाचा कोंब पाण्यात बुडून कुजतो, वर गेला तर वरची खडी कोरडी पडून तिच्यावर क्षारांचा पांढरा थर जमतो.

कुंडीत कोकोपीट घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते तरंगतं, पाणी चहासारखं करतं आणि काही महिन्यांनी कुजून काळं पडतं. गांडूळखत तर नकोच, पाण्यात उतरलं की अमोनिया चढतो.

फिल्टर ही किटमधली सरळ चूक आहे. मागे टांगायचा फिल्टर पूर्ण भरलेल्या टाकीसाठी बनतो. इथे पाणी काठाच्या नऊ इंच खाली. त्याची नळी पाण्यापर्यंत जेमतेम पोचते, पंपाला तेवढी उंची खेचायला जड जातं, वीज जाऊन आली की तो बऱ्याचदा कोरडाच गुणगुणत राहतो, आणि चाललाच तर नऊ इंचांवरून पडणारी धार रात्रभर नळ उघडा राहिल्यासारखी वाजते. पानांवर शिंतोडे उडून डाग पडतात ते वेगळेच. तो परत करा आणि त्याऐवजी तासाला 200 ते 300 लिटरचा, पूर्ण पाण्यात बुडणारा आतला फिल्टर घ्या. मासे मोजकेच असतील तर एअर पंपावरचा स्पंज फिल्टरही पुरतो. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे स्पंज जास्त शहाणपणाचा, कारण बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप त्याला लगेच जोडता येतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये वीज नसताना जीवाणू गुदमरतात आणि पुन्हा सुरू झाल्यावर ती सगळी घाण टाकीत येते.

सीओटूच्या गोळ्या कशासाठी दिल्या, हे दुकानदारच जाणे. पाण्याखालच्या झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, कारण तो पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. रिपेरियमची पानं हवेत आहेत, त्यांना तो खोलीतूनच मिळतो. म्हणून तर ही झाडं पाण्याखालच्या झाडांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात आणि माशांच्या विष्ठेतला नायट्रोजन ओढून घेतात. गोळ्या, रेग्युलेटर, सिलिंडर यातलं काहीही लागत नाही. महागडी अ‍ॅक्वा सॉइल, म्हणजे झाडांसाठीची खतयुक्त तळमाती, तीही नको, कारण तळाला झाडं लावायचीच नाहीयेत. पाच किलो खडी दोन फुटी तळाला जेमतेम पावणेदोन सेंटीमीटरचा थर देते आणि तेवढा पुरे. फक्त कुंड्यांवर घालायला आणखी दोन किलो घेऊन ठेवा. किटमध्ये हा हिशोब धरलेलाच नाही.

दिवा चांगला, जागा चुकीची. 18 वॅट, 6500 केल्विन, प्रकाश भरपूर. पण तो टाकीच्या काठावर बसतो आणि झाडं महिन्याभरात काठाच्या वर येतात. मग वरची पानं दिव्याला टेकून करपतात आणि खाली पाण्यात अंधार. दिवा काठापासून किमान फूटभर वर हवा. भिंतीवर शेल्फचा ब्रॅकेट ठोकून त्याला दोन तारांनी टांगणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोलातून खाली ठिबकेल. ज्या सर्किटवर हे जोडाल तिथे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, ते तपासून घ्या. टायमर पहिले तीन आठवडे सहा तासांवर, नंतर आठ. पहिल्याच दिवशी दहा तास दिवा लावला तर मुळं अजून कामाला लागलेली नसतात आणि सगळं खत हिरव्या शेवाळाला मिळतं.

झाडं किटमध्ये नाहीत ही तक्रार नाही, उलट बरंच झालं. रिपेरियमची बहुतेक झाडं अ‍ॅक्वेरियमच्या दुकानापेक्षा कोपऱ्यावरच्या नर्सरीत चांगली मिळतात. मागच्या कोपऱ्यात बुटक्या जातीचा अंब्रेला पाम. साधा घेतलात तर तो तीन-चार फूट होऊन छताकडे निघतो. मध्ये पीस लिली, बाजूला सिंगोनियम किंवा मनी प्लांट. वेखंडाची पट्टेरी बुटकी जात मिळाली तर एक कुंडी तिला द्या. पानांची ती उभी रेघ काठाचा भास सगळ्यात चांगला देते. ब्राह्मी कुंडीत नको, ती पसरणारी. फोमच्या दोन पट्ट्यांवर प्लास्टिकची जाळी बांधून छोटा तराफा करा आणि कांड्या त्यात खोचा. पंधरा दिवसांत ती पाण्यावर रांगायला लागते. ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही विकली जाते. तीही चालते, फक्त तिची गोल पानं दिव्यापासून लांब असली की देठ नुसते लांबत जातात.

नर्सरीतून आणलेलं झाड थेट टाकीत घालू नका. मुळांवरची माती एकूण एक धुवा, अगदी टूथब्रशने सुद्धा. मातीत वाढलेली जुनी मुळं पाण्यात बरीचशी कुजणार, हे गृहीत धरा. काळी, मऊ पडलेली कापून टाका. पाण्याला सरावलेली नवी मुळं पांढरी आणि जाड असतात, आत हवेच्या पोकळ्या असलेली, आणि ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात खालची दोन-तीन पानं पिवळी पडली तर घाबरून खत ओतू नका. हे तीन आठवडे झाड बादलीत ठेवावं, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावं. नर्सऱ्यांत इमिडाक्लोप्रिडसारखी झाडाच्या अंगात भिनणारी कीटकनाशकं वापरतात. माशांना ती तितकी बाधत नाहीत, पण कोळंबीला फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतात. कोळंबी ठेवायची असेल तर बादलीतला मुक्काम आणखी वाढवा.

पीस लिली, सिंगोनियम, मनी प्लांट ही सगळी अळूची भावंडं. अळू चिरताना हाताला जी खाज सुटते तीच यांच्या चिकाने सुटते, कारण तेच कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक. छाटणी टाकीबाहेर करा, हात धुवा, आणि घरात मांजर पानं चघळणारं असेल तर या तिघांऐवजी ब्राह्मीवर भागवा. कोकणातल्या ओढ्यांत लॅजेनान्ड्रा आणि क्रिप्टोकोरिन जागोजाग दिसतात, काठावर तशीच वाढलेली, आणि उपटून आणायचा मोह होतो. नको. यातल्या काही जाती जगात फक्त सह्याद्रीच्या थोड्या पट्ट्यात आहेत. विकत मिळणारी क्रिप्टोकोरिन वेंटाई तेच काम करते.

मांडणीचा क्रम महत्त्वाचा. कोरड्या काचेवर कुंड्या, मग धुतलेली खडी, मग आतला फिल्टर, मग खडीवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी. नळाच्या पाण्यातला क्लोरीन चोवीस तास उघडं ठेवून उडतो. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारं औषध बाटलीवरच्या मापाने. झाडं त्याच दिवशी लावा, मासे मात्र नाही.

माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला तीन ते सहा आठवडे जातात. त्यांना खायला अमोनिया लागतो. शुद्ध अमोनियम क्लोराइड 10 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. या 37 लिटरच्या टाकीत त्यातले 22 मिली घातले की अमोनिया साधारण 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) होतो. चोवीस तासांत तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार. हे मोजायला थेंबांची टेस्ट किट लागते, पट्ट्या फारच ढोबळ. एपीआय कंपनीची मास्टर किट घेतलीत तर नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवा, मिसळल्यावर नळी एक मिनिट हलवा आणि पाच मिनिटं थांबा. हे न केल्यास आकडा खोटा कमी येतो आणि सगळं छान चाललंय असं वाटत राहतं. त्या किटमध्ये पाण्याची कठीणता मोजायची सोय नाही, ती वेगळी घ्यावी लागते. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मऊ आणि बोअर-टँकरचं जड. एकाच सोसायटीत जानेवारीत एक आणि मेमध्ये दुसरं येतं, म्हणून ही मोजणी वाया जात नाही.

या मधल्या तीन ते सहा आठवड्यांचा एक धोका परदेशी व्हिडिओंत कोणी सांगत नाही: डास. उघडी टाकी, मासे नाहीत, मुळांमुळे पाणी अडलेलं. डासांना आणखी काय हवं! अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, आणि पावसाळ्यात पालिकेचे लोक डेंगीसाठी साठवलेलं पाणी तपासत फिरतात. फिल्टरची धार पृष्ठभागावर तरंग उठतील अशी ठेवा आणि वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. मासे आल्यावर हा प्रश्न उरत नाही.

मासे मोजकेच. आठ नर गप्पी, किंवा हनी गोरामीची एक जोडी आणि थोडी चेरी कोळंबी. हनी गोरामी आपल्याच उपखंडातला, संथ पाण्यात मुळांच्या जाळीत वावरणारा, वर येऊन हवा घेणारा. या मांडणीसाठी त्याच्याहून चांगला मासा सुचत नाही. मात्र त्याच्यासाठी फिल्टरची धार काचेकडे वळवून सौम्य करा. कोळंबीची पिल्लं त्याच्या तोंडी पडणार, हेही धरून चला. पाण्याच्या वर नऊ इंच काच असल्याने उडी मारून बाहेर पडणारे मासे कमी, हा रिपेरियमचा आयता फायदा. विदर्भात मे महिन्यात टाकी 32 अंशांच्या वर जाते तिथे कोळंबीचा नाद नको. पृष्ठभागावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणीही तितकंच झपाट्याने आटतं. पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे पावणेदोन लिटर गेलं. हा टॉप-अप आरओच्या गोड्या पाण्याने करा, कारण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागे राहतात. आरओच्या वेस्ट नळीचं पाणी मात्र चुकूनही नको. त्यात ते क्षार आधीच दाट झालेले असतात.

खताची बाटली ठेवण्यासारखी आहे, पण पहिला महिना उघडू नका. मासे आल्यावर नायट्रोजन आपोआप मिळतो. कमी पडतात ते लोह आणि पोटॅश. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. जुन्या पानांच्या कडा करपून बारीक भोकं पडली, तर पोटॅश. जुनी पानं सरसकट पिवळी, तर मासे फारच कमी किंवा खाणं फारच मोजून. बाटलीवर लिहिलेला डोस पूर्ण बुडालेल्या टाकीचा आहे. तुमचं पाणी अर्धं आहे, हे लक्षात ठेवून निम्म्याने सुरुवात करा. आठवड्याला आठ-दहा लिटर पाणी बदला.

ज्याच्याकडे आधीच टाकी पडून आहे त्याने पूर्ण किट घेऊ नये. किट विकणारा कुंड्या सुट्या देतो, त्या चार घ्याव्यात आणि बरोबर आठ जादा कप. हे कप मऊ पीव्हीसीचे आहेत, दिव्याच्या उष्णतेत वर्षभरात कडक पडतील. नव्याने सुरू करणाऱ्याने फिल्टर आणि गोळ्या वगळून किंमत कमी करून मागावी. विकणारा तयार झाला नाही तर टाकी काचवाल्याकडून आणि बाकी सुटं. छाटलेली ब्राह्मी, मनी प्लांटच्या कांड्या आणि तराफ्याखाली वाढलेलं सगळं ओल्या कचऱ्यात टाका; नाल्यात किंवा नदीत नको. पवना आणि इंद्रायणीवर जलपर्णीचा गालिचा बघितला असेल तर कारण सांगायला नको.